ज्युबिलीचा रुपया

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला पैशातलं सगळं कळतं, असा एक समज आमच्या नातेवाइकांत पसरलेला आहे. वास्तविक हे हलवायाला मधुमेहावरचं औषध विचारण्यापैकी आहे. मी पैसे मोजतो. ते कळण्याची गरज माझ्या खुर्चीला कधी पडली नाही. त्यातून मी बी. कॉम. झालेला. म्हणजे जमा कुठल्या बाजूला लिहायची आणि नावे कुठल्या बाजूला, एवढं मला छातीठोकपणे सांगता येतं. जमा होणार कधी, हे मात्र कुणी विचारू नये. पण बारसं असो, मुंज असो नाहीतर तेरावं असो, जेवणं आटोपली की कुणीतरी मला कोपऱ्यात घेतं, रुमालाची गाठ सोडतं आणि एखादं काळं पडलेलं नाणं माझ्या तळहातावर ठेवतं. "तू बँकेत आहेस ना? सांग बरं, काय येईल याचं?"

अशा वेळी मी ते नाणं उजेडात धरतो, डोळे बारीक करतो आणि "जुनं आहे" असं म्हणतो. हे म्हणणं आजवर एकदाही चुकलेलं नाही.

पण गेल्या वर्षी असं नुसतं डोळे बारीक करून भागलं नाही, कारण प्रकरण मोठ्या आत्याच्या रुपयाचं होतं. आमची मोठी आत्या औरंगपुऱ्यातल्या जुन्या घरात आतेभावाकडे राहते. तिचं वय नव्वदीपुढे. शहराचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण आत्या अजून "गावात" जाते, म्हणजे गुलमंडीवर जाते. तिच्या देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी एक चांदीचा रुपया असतो. दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तो चिंच लावून घासला जातो, आणि घासता घासता त्याची कथा सांगितली जाते. तो म्हणजे निजामाच्या ज्युबिलीचा रुपया.

आमचे आजोबा निजामी राजवटीत सरकारी शाळेत गणिताचे मास्तर होते. ज्युबिलीच्या वेळी उत्तम मास्तर म्हणून त्यांना हा खास पाडलेला रुपया बक्षीस मिळाला, अशी ही कथा. मी लहान असताना तो हेडमास्तरांच्या हस्ते मिळाला होता. माझ्या मुंजीपर्यंत तो सुभेदारांच्या हस्ते मिळाला. माझं लग्न होईतो खुद्द निजाम मोटारीतून खाली उतरले होते. आणखी एखादं कार्य निघालं असतं, तर त्यांनी आमच्याकडे पाटावर बसून चहा घेतला असता, याविषयी मला शंका नाही.

एरवी ही कथा अशीच वाढत गेली असती आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण आतेभावाच्या मोबाइलवर एक निरोप आला. निजामाच्या काळातलं नाणं असेल तर आम्ही ५ लाखांना घेऊ; फक्त २,१०० रुपये नोंदणीसाठी आधी पाठवा. आतेभाऊ काही हावरा माणूस नव्हे. पण त्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि पहिल्या वर्षाची फी तोंड वासून उभी होती. मी त्याला सांगितलं, "अरे, ही शुद्ध फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२१ सालीच जाहीर केलंय, की जुनी नाणी विकत घ्यायला आम्ही कुणाला नेमलेलं नाही आणि असले पैसेही आम्ही मागत नाही." त्यावर तो म्हणाला, "तू बँकेतला. तुला कुणाचं भलं कसं बघवेल?"

इकडे आत्याच्या मनात तो रुपया त्याच मुलीला द्यायचा होता. विकायला नव्हे, ठेवायला. दोघंही हट्टाला पेटली तेव्हा आत्यानंच निकाल दिला, "त्या बँकेतल्याला विचारा." झालं! रुपया करंड्यातून निघाला आणि माझ्या शर्टाच्या खिशात आला. आठ दिवसांत त्याची खरी किंमत सांगायची, असं ठरलं.

ते आठ दिवस मी जेवढा इतिहास वाचला, तेवढा शाळेत वाचला असता तर आज हेडमास्तर तरी झालो असतो.

पहिल्यांदा मी 'ज्युबिली' या शब्दाच्या मागे लागलो. आमच्या पिढीला ज्युबिली माहीत ती सिनेमाची. पिक्चर एका थिएटरात २५ आठवडे चालला की सिल्व्हर ज्युबिली. राजेंद्रकुमारला तर लोक ज्युबिलीकुमारच म्हणत, आणि आपल्या दादा कोंडक्यांचे सिनेमे असे ओळीनं ज्युबिली करत सुटले की त्याची नोंद गिनीज बुकात झाली. पण मूळ शब्द निघाला हिब्रू भाषेतला. 'योबेल' म्हणजे मेंढ्याचं शिंग. जुन्या ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे दर पन्नासाव्या वर्षी हे शिंग फुंकायचं. ते वाजलं की विकली गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ मालकाच्या घरी परत आणि कर्जापायी गुलाम झालेला माणूस मोकळा!

मी वाचता वाचता खुर्चीत सरळ बसलो. म्हणजे ज्युबिली ही मुळात कर्जमाफी! तीसुद्धा निवडणुकीशिवाय!

पुढं राजेलोकांनी हा सण उचलला. त्यांनी शिंग ठेवलं, मिरवणूक वाढवली आणि कर्जमाफी तेवढी गाळली. पूर्वी पन्नास वर्षांनी प्रजेला काहीतरी परत मिळे. आता पंचवीस वर्षांनी प्रजेनं राजाला काहीतरी द्यायचं, असा बदल झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर नावेची रक्कम जमेला गेली.

या बाबतीत सगळ्यात मोठा थाट केला तो व्हिक्टोरिया राणीनं. १८३७ साली ती गादीवर आली, १८८७ साली तिची सुवर्णज्युबिली झाली. मुंबईत त्या वर्षी बोरीबंदरच्या स्टेशनाला तिचं नाव लागलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. पुढं १९९७ साली त्या संस्थेचं वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झालं, पण आद्याक्षरं व्ही. जे. टी. आय. तीच राहिली. नाव बदललं आणि रबरी शिक्के वाया गेले नाहीत, असं उदाहरण आमच्या कारकुनी जगात विरळाच.

तर त्या ज्युबिलीनिमित्त इंग्लंडात राणीचं नवं चित्र असलेली नाणी निघाली. चित्रात राणीच्या डोक्यावर मुकुट होता, पण इतका चिमुकला की आता पडेल की मग, असं वाटावं. लोक हसले. ते एक वेळ चाललं असतं, पण खरी गंमत झाली सहा पेन्सच्या चांदीच्या नाण्याची. त्याच्या मागच्या बाजूवर राजघराण्याची ढाल होती, आणि अगदी तशीच ढाल अर्ध्या पौंडाच्या सोन्याच्या नाण्यावरही होती. आकारही जवळपास सारखा. किंमत कुठंच लिहिलेली नाही. लंडनच्या हुशार मंडळींनी सहा पेन्सच्या नाण्याला सोन्याचा मुलामा दिला आणि बाजारात चालवलं. अर्धा पौंड म्हणजे १२० पेन्स. म्हणजे एका सोहळ्याच्या नाण्याचे घरबसल्या वीस पट! सरकारला ते डिझाइन त्याच वर्षी मागं घ्यावं लागलं आणि मुकाट्यानं 'सहा पेन्स' असं स्पष्ट लिहिलेलं जुनं नाणं पुन्हा काढावं लागलं. हे वाचून मला त्या वेळच्या लंडनच्या कॅशियरची फार दया आली. संध्याकाळी कॅश जुळेना म्हणजे काय होतं, ते त्या जातीलाच ठाऊक.

दहा वर्षांनी, १८९७ साली, राणीची हीरकज्युबिली आली. ती मराठी माणसाला वेगळ्याच कारणानं पाठ आहे. पुण्यात प्लेग होता, घरांच्या झडत्या झाल्या होत्या, लोक संतापले होते. आणि अशा वेळी गणेशखिंडीत सरकारी बंगल्यावर मेजवानी होती. २२ जूनच्या त्या रात्री परतीच्या वाटेवर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढं चापेकर फासावर गेले. सोहळा कुणाचा आणि आठवण कुणाची राहील, हे सोहळा करणाऱ्याच्या हातात नसतं, हे त्या रात्री ठरलं.

आपल्या संस्थानिकांनी नाण्यांची हौस केली नाही असं नाही. बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या राज्याला १९३७ साली ५० वर्षं झाली. त्यांनी सोन्याची आणि चांदीची खास नाणी पाडली, वर स्वतःच्या चित्रासह. ही नजराण्याची नाणी. नजराणा म्हणजे काय, तर दरबारात राजापुढं वाकून, रुमालावर ठेवून द्यायचं नाणं. म्हणजे राजाच्या टाकसाळीतून नाणं निघणार, सरदार ते पैसे मोजून घेणार आणि मुजरा करून राजालाच परत देणार. हा व्यवहार आमच्या शाखेत झाला असता, तर ऑडिटरनं लाल शाईची दुसरी दौत मागवली असती.

याउलट आपल्याकडचं जुनं उदाहरण बघा. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाची नाणी निघाली. सोन्याचा होन थोड्यांनीच पाहिला असेल. पण तांब्याची शिवराई बाजारात उतरली. तिच्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', एवढी अक्षरं. ना चित्र, ना मुकुट. पण भाजी, मीठ, मिरची घेत ती पुढची दोनेकशे वर्षं लोकांच्या हातात फिरली. झिजून अक्षरं गेली तरी नाणं चाललं. तेव्हाच मला वाटायला लागलं, की नाण्याची ज्युबिली पेटीत होत नसावी. ती बाजारात होते.

आता आमच्या निजामाकडे वळू. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ च्या ऑगस्टात गादीवर बसले. १९३६ साली २५ वर्षं झाली आणि १९३७ च्या फेब्रुवारीत रौप्यज्युबिलीचा सोहळा झाला. हैदराबादेत ज्युबिली हॉल उभा राहिला. अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकानं त्याच महिन्यात निजामांचं चित्र मुखपृष्ठावर छापलं आणि जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांची ओळख करून दिली. पोस्टाची चार तिकिटं निघाली: युनानी दवाखाना, उस्मानिया दवाखाना, उस्मानिया विद्यापीठ आणि ज्युबिली हॉल. राजाच्या ज्युबिलीच्या तिकिटांवर राजा नाही, पण दोन दवाखाने आहेत, हे मला आवडलं. आमच्या शहरातही भडकल गेटाच्या बाजूला ज्युबिली पार्क आहे. रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर सोडतो. कुणाची ज्युबिली, हे तोही विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

पण रुपयाचं काय? इथं माझी पंचाईत झाली. निजामाच्या रुपयावर राजाचा चेहरा नसेच. एका बाजूला चारमिनार आणि दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरं. ज्युबिलीआधी जो चारमिनार होता, तोच ज्युबिलीनंतरही राहिला. बरं, त्या नाण्यांवर राजा गादीवर येऊन कितवं वर्ष चालू आहे, हे छापायची पद्धत होती. त्याला 'जुलूस' सन म्हणत. मोगलांपासूनची ही चाल. म्हणजे हिशेबानं बघितलं तर प्रत्येक नाणंच वाढदिवसाचं! पंचविसाव्या वर्षासाठी वेगळा ढोल कशाला वाजवायचा? ज्या नाण्यावर पंचविसाचा आकडा, ते ज्युबिलीचं.

मी आत्याचा रुपया उलटासुलटा करून पाहिला. पण मला फारसी आकडे येत नाहीत. आमच्या कॅश विभागात एक सहकारी आहेत, उर्दू शाळेत शिकलेले. दुपारच्या डब्याच्या वेळी मी तो रुपया त्यांच्यापुढं ठेवला आणि हळूच म्हटलं, "जरा बघा, पंचवीस दिसतं का."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाणं नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "पच्चीस किधर का! इकतालीस है. और ये देखो, चारमिनार के दरवाजे में क्या लिखा है."

चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. उस्मान अलींच्या नाण्यावर तिथं 'ऐन' असतो. उर्दूत उस्मानचं पहिलं अक्षर ते. "ये ऐन नहीं है भाई, मीम है," ते म्हणाले. मीम म्हणजे महबूब अली खान, उस्मान अलींचे वडील, सहावे निजाम. वर हिजरी सन १३२५. म्हणजे इसवी सन १९०७ च्या सुमाराचा. महबूब अलींच्या कारकिर्दीचं एकेचाळिसावं वर्ष. आणि ज्युबिली झाली १९३७ साली, मुलाची!

मी डब्यातली भाजी तशीच ठेवली. ज्युबिलीआधी तीस वर्षं पाडलेला, दुसऱ्याच निजामाचा, रोजच्या चलनातला एक साधा रुपया. आमच्या घराण्याचा सगळा इतिहास एका मीमनं उडवला.

तो रुपया हाली शिक्क्याचा. 'हाली' म्हणजे चालू. हैदराबाद संस्थानात चालायचा तो हाली, आणि इंग्रजांचा यंत्रावर पाडलेला तो कलदार. हालीचं वजन ११.१८ ग्रॅम, कलदारचं ११.६६. हालीत चांदीही कमी, शेकडा ८२ च्या आतबाहेर. त्यामुळं भाव ठरलेला: ७ हाली म्हणजे ६ कलदार. सरकारी दरपत्रकात तो ११६ रुपये १० आणे ८ पै हालीला १०० कलदार असा लिहिलेला असे. आमच्या शाखेत आज संगणक बंद पडला तर आम्ही टोकन देणं थांबवतो; त्या काळचे कारकून हे गणित रोज तोंडी करत आणि संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा माणसांसारखे बोलत, याचं मला आश्चर्य वाटतं.

ज्युबिलीनंतर काय झालं, ते मराठवाड्यात सांगायला नको. सोहळ्याच्या त्याच वर्षी परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. पुढच्याच वर्षी औरंगाबादच्या कॉलेजातली आणि उस्मानिया विद्यापीठातली मुलं वंदे मातरम् म्हटल्याबद्दल बाहेर निघाली. सोहळ्याला १२ वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामी राजवट संपली. १९५० पासून भारत सरकारचा रुपया आला, काही वर्षं दोन्ही सोबत चालले आणि १९५९ साली हाली कायमचा बंद झाला. हालीचा कारभार बघायला १९४१ साली जी हैदराबाद स्टेट बँक काढली होती, ती नाव बदलून पुष्कळ टिकली. २०१७ च्या १ एप्रिलला तीही स्टेट बँक ऑफ इंडियात विरून गेली. 'चालू' नावाचं चलन आता फक्त देवघरात आणि नाण्यांच्या दुकानात उरलं. तिथं ते मुळीच चालत नाही, बसून असतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी औरंगपुऱ्यात गेलो. जिना चढताना पाय जड झाले होते. नव्वदीतल्या बाईला, जिनं आयुष्यभर ज्या रुपयाची पूजा केली तो रुपया ज्युबिलीचा नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? खोटं बोलावं, तर आतेभाऊ २,१०० रुपये भरून बसणार. खरं बोलावं, तर आत्या. बँकेत असं अडलं की आम्ही फाइल हेड ऑफिसला पाठवतो. इथं हेड ऑफिसच समोर पाटावर बसलं होतं, वाती वळत.

"कामून रे, तोंड पाडून बसलास?" आत्या म्हणाली. "नकली निघाला का?"

"नकली नाही आत्या. चांगला खणखणीत आहे. पण..."

"पण ज्युबिलीचा नाही."

माझ्या हातातला कप बशीवर वाजला. "तुला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला? बाईनं डब्यातून काढला तेव्हा मी तिथंच शेंगा फोडत बसले होते." बाई म्हणजे आमची आजी.

मग आत्यानं सांगितलं. ज्युबिलीच्या वर्षी आजोबांच्या शाळेत मुलांना पेढे वाटायचे होते. जमलेले पैसे एका रुपयानं कमी पडले. आजोबा गणिताचे, हिशेब त्यांच्याकडे. "मागाहून मिळेल" म्हणून त्यांनी पदरचा रुपया घातला. तो काही मिळाला नाही. पगार ३५ हाली, त्यात एक रुपया म्हणजे थोडा नव्हे. आजीनं तो मनात मांडून ठेवला. दर पगाराला ती विचारी, "ज्युबिलीचा रुपया आला का?" आजोबा म्हणत, "येईल." पुढं घरात तो वाक्प्रचारच झाला. कुणी उसने नेलेले परत दिले नाहीत, की "त्याची ज्युबिली झाली" म्हणायचं. ११ वर्षं गेली. रुपया आला नाही, निजामच गेला.

मग हाली बदलून घ्यायची वेळ आली. ज्वारीच्या कणगीत आजीचा डबा होता, त्यात ५० रुपये निघाले. आजोबांनी बसून हिशेब केला. साती सत्ते एकोणपन्नास, त्याचे ४२ येतील. राहिला एक. त्याचे तेरा आणे आणि साडेआठ पै.

"बाईनं काय करावं?" आत्या वात वळता वळता हसली. "पन्नासच्या पन्नास रुपये जात्याच्या पाळीवर एकेक वाजवून बघितले. ज्याचा आवाज सगळ्यात लांब गेला, तो उचलला आणि म्हणाली, 'हा माझा. हा ज्युबिलीचा. बाकीचे न्या.' दादा म्हणाले, 'अगं, याचे तेरा आणे येतील.' बाई म्हणाली, 'त्यांना म्हणावं सोळा आणे द्या, मग देते.'"

मी थक्क होऊन बसलो. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हांला ग्रेशॅमचा नियम होता: हलकं नाणं चांगल्या नाण्याला बाजारातून हाकलतं, कारण चांगलं नाणं लोक घरात ठेवतात. तो मी दोनदा पाठ केला आणि परीक्षेत तरीही उलटा लिहिला. महायुद्धात निजामी रुपयातली चांदी आणखी घटली होती. महबूब अलींच्या वेळचा रुपया त्या मानानं चोख. आजीला ना मीम माहीत, ना ऐन, ना ग्रेशॅम. तिनं तो जात्यावर वाजवून ओळखला.

"मग निजामानं दिला, हे कुणी काढलं?" मी विचारलं.

"तुझ्या बापानं. शाळेत निबंध होता त्याला. मार्क बरे पडले, मग कुणी खोडलं नाही. दादांनाही बरं वाटायचं रे ऐकायला."

आतेभाऊ दारात उभा राहून ऐकत होता, हे मला मागाहून कळलं. तो आत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे पाच लाख नाहीत?"

मी त्याला खरं ते सांगितलं. नऊ ग्रॅमच्या आसपास चांदी आहे. रुपया दुर्मीळ नाही. नाण्यांच्या दुकानात असे पुष्कळ मिळतात. चांदीहून थोडं जास्त येईल, एवढंच. तो गप्प झाला. मग मी खिशातून शैक्षणिक कर्जाचा अर्ज काढला. तो मी दुपारीच आणून ठेवला होता. नाण्यातलं नाही तरी अर्जातलं मला कळतं. रात्री दहापर्यंत बसून आम्ही तो भरला. कागद कोणते लागतील, कुठं सही, कुठं फोटो, हप्ता कधीपासून, सगळं सांगितलं. मोबाइलवरचा निरोप त्यानं माझ्यासमोरच पुसून टाकला.

निघताना आत्यानं नातीला हाक मारली. तिच्या हातावर तो रुपया ठेवला आणि सांगितलं, "हा निजामाचा नाही. माझ्या आईचा आहे. त्यांच्याकडे अडकलेला तिनं वसूल करून घेतला." मुलगी गोंधळली, मलाही हिशेबाच्या वहीत ही वसुली कुठं दाखवावी, ते अजून सुचलेलं नाही.

मी चपला घालत होतो. आत्या आतून मोठ्यानं मुलाला सांगत होती, "कर्ज काढतोस ते काढ बाबा. लेकरू शिकू दे. पण बघ हं, बँकेची ज्युबिली करू नको!"